स्वच्छ डबी

आज प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू वाढवायला लागणारं खाद्य करत होते. अंडी फोडली, तो कच्चा, उबट वास नाकात गेला आणि माय आठवली.

नवेगाव बांधच्या घरी ती कधीची खोकत होती. मी म्हटलं, सकाळचा बेडका डबीत दे, मीच तपासायला लावते. तिनं डबी पदराखाली झाकून आणून दिली. तो नमुना मी अंड्याच्या याच हिरव्या रंगवलेल्या खाद्याच्या नळीत लावला. आठ आठवडे नळी उजेडात धरून पाहत राहिले. कणभरही काही उगवलं नाही. मी पेढे घेऊन घरी गेले. "माय, तुले काहीच नाही वं!" ती हसली आणि हसता हसता खोकली.

पुढे रक्त पडायला लागलं, तेव्हा खाटेवरून म्हणाली, "पोरीच्या हातात घाण कायले देऊ? चूळ भरून साफ थुकी देल्ली होती."

तोवर फार उशीर झाला होता.

आता मी प्रत्येक पेशंटला बजावते, छातीतलं काढा, घाणच द्या. मायला मात्र एवढंच बजावलं होतं, "डबी स्वच्छ ठेवजो."