तोंड मिटेना

शुद्धलेखन मला येत नाही आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतंच. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण जे तोंडाने सांगता आलं नाही, ते कुठेतरी ठेवावं असं वाटलं.

आम्ही पालेगावात राहतो. वीस-बावीस वर्षं मी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांचं धागे कापायचं काम घरी आणून करते. पँट शिवून झाली की शिलाईचे सुटे दोरे लोंबतात, ते काढायचे. पैसे नगावर मिळतात. कात्री उचला, ठेवा, यात वेळ जातो, म्हणून आम्ही बायका दातानेच दोरा तोडतो. माझे पुढचे दात झिजून अर्धे झाले. दाढा तर त्याआधीच किडून गेल्या होत्या. दात कमी झाले तशी हनुवटी नाकाकडे सरकली, ओठ आत गेले, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडून झोंबायला लागलं. पन्नाशीत मी सत्तरीची दिसत होते. मग मला एक सवय लागली. कोणी समोर आलं की ओठ मिटून जबडा खाली ताणून धरायचा. तेवढ्यापुरता चेहरा भरल्यासारखा दिसायचा.

माझी ताई बदलापूरला, शिरगावात असते. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. "तू माझी धाकटी आहेस का आजी गं?" असं ती चिडवायची, पण तिला ते बघवत नव्हतं. तिनेच कवळीसाठी पंधरा हजार रुपये माझ्या हातात ठेवले. जमेल तसे दे म्हणाली.

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात उरलेले दात काढले. हिरड्या भरल्यावर माप घ्यायचा दिवस आला. डॉक्टरांनी पेनाने माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका काढला, हनुवटीवर एक. सून बाजूला उभी, तिथली मुलगी बघते आहे, आणि डॉक्टर, परका पुरुष, माझ्या तोंडाकडे रोखून बघतो आहे. ते म्हणाले, "माई, म-म-म बोला आणि जबडा एकदम ढिला सोडा." मी म-म-म म्हटलं आणि सवयीने जबडा ताणून धरला. दातांची उंची ठरवायला त्यांनी दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. परत मोजलं. दोन्ही वेळा मी तशीच बसले होते. त्या मापाने तोंडात मेणाचे पट्टे बसवले आणि आराम वाटतो का विचारलं. गाल ओढत होते. तरी मी हो म्हणून मान हलवली. पुढच्या खेपेला मेणात दात लावून दाखवले, तेव्हाही हलवली.

कवळी आली. सुरकुत्या गेल्या, चेहरा लांब झाला. सून म्हणाली, "आई, दहा वर्षांनी लहान दिसता." पण ओठाला ओठ लागेना. जोर करून लावले तर हनुवटीला खळगे पडत, सोडले की वरचे दात उघडे. बोलताना खटखट वाजायचं. डॉक्टर म्हणाले, होईल सवय.

त्याच आठवड्यात दाजी गेले, ताईचे यजमान. सून म्हणाली, माणसं असतील, दात लावूनच चला. ताईने पैसे दिलेत, तिच्या नजरेला पडलेले बरे, असं माझ्याही मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते.

ताई भिंतीला टेकून बसली होती. मी पदर तोंडावर धरला होता, पण तिला जवळ घ्यायला हात मोकळे केले आणि पदर सुटला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हसतेस काय गं?"

नाही म्हणायला गेले, तर दात वाजले. मागून तिची जाऊ म्हणाली, नवे दात दाखवायला आली. ताईने तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सगळे तोंडाकडेच बघत होते.

परत दवाखान्यात गेले. या वेळी जबडा ताणायचं त्राणच नव्हतं. माप वेगळं आलं. डॉक्टर म्हणाले, दातांची उंची जास्त झाली आहे, घासून एवढी उतरणार नाही, नवीनच करावी लागेल, खर्चही नवा. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तेव्हा बोलायचं ना, माई. कवळी डब्यात पाण्यात ठेवून दिली.

ताईला सांगायचं म्हणून मी मनात घोकून ठेवायचे. एकदा फोनवर कसंबसं सांगितलं की माप चुकलं होतं, तोंड मिटत नव्हतं. ती म्हणाली, "तोंड कोणाला मिटता येत नाही होय?" आणि फोन ठेवला. 

पैसे द्यायला मात्र दर महिन्याला जायचे, कवळी न लावता. ताई चहा द्यायची. माझ्या बसलेल्या गालांकडे बघायची. दुसऱ्या कारणाने गेले असते तर तिने दार उघडलं असतं का, कोण जाणे. शेवटी शेवटी मी हजाराच्या जागी पाचशेच नेऊ लागले, तेवढ्याच खेपा वाढतील म्हणून.

गेल्या मंगळवारी शेवटचे पाचशे दिले. ताईने नोटा मोजून कमरेला खोचल्या आणि म्हणाली, "झाले तुझे सगळे."

मी हो म्हटलं.