अक्कांचा डबा

मासे पाळणाऱ्यांकडे किस्से फार. फिल्टरमधल्या गाळासारखे आपोआप साठत जातात, आणि आमच्या जळगाव-धुळ्याच्या मंडळीत त्यातला निम्मा गाळ धुळ्याच्या अक्कांचा!

*

अक्का म्हणजे रिटायर्ड नर्स. त्यांना फिल्टरचा स्पंज धुताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. बादलीत नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन मारायला कंडिशनरचे थेंब, स्पंज हलकेच पिळला की झालं. रंग तसाच तपकिरी. अजून धुवा की, म्हटलं.

"मळ जाऊ दे, वस्ती राहू दे," अक्का म्हणाल्या.

माशांची घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू त्या तपकिरीत राहतात म्हणे. तेव्हापासून मी स्पंज जपून पिळतो.

*

एरंडोलच्या नानांनी, म्हणजे आमच्या निवृत्त मास्तरांनी, दिवाळीच्या सफाईत स्पंज वॉशिंग पावडरने घासला आणि गच्चीवर उन्हात वाळवला. कोरा करकरीत! ग्रुपवर फोटो आला, आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले. अक्कांनी फक्त मासा कसा आहे ते विचारलं.

आठवड्याच्या आतच नानांचा ऑस्कर मासा आडवा पडून धापा टाकायला लागला. वहिनी गेल्यापासून त्या घरात नानांची वाट बघणारा तेवढाच एक जीव. नानांनी अक्कांना फोन लावला.

*

अक्कांनी आपला स्पंज कात्रीने अर्धा कापला, टाकीतल्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवला आणि एरंडोलची बस धरली. झाकण उघडं, वास बसभर. कंडक्टर आला.

"काय शे यामा?"

"जीव शे. त्याले हवा लागस."

त्याने खिडकीची जागा करून दिली.

नानांच्या टाकीतलं निम्मं पाणी बदललं, कंडिशनर टाकलं, अक्कांचा तुकडा फिल्टरमध्ये बसवला. काही दिवसांत ऑस्कर नानांच्या बोटांतून दाणे घ्यायला लागला. मूठभर गाळाने मासा उठवला! मला अजून नवल वाटतं. गडबडीत डबा तेवढा नानांकडेच राहिला.

*

यंदा अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी शिरपूरला गेल्या. मागे फिल्टरची मोटर बंद पडली. परतल्या तर स्पंज सडलेला, मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. मी पोचलो तेव्हा अक्का टाकीसमोर खाली बसून रडत होत्या. इतक्या वर्षांची वस्ती गेली होती. मी ग्रुपवर कळवलं.

दुपारी दारात नाना. हातात तोच डबा, झाकण उघडं.

डबा द्यायला एवढ्या लांब कशाला आलात, असं अक्का म्हणाल्या.

"रिकामा कसा परत करायचा, अक्का?"

आत तपकिरी स्पंजचा तुकडा होता. त्याच्या एका कडेला अक्कांच्या कात्रीचा जुना काप होता, दुसऱ्या कडेला नानांचा, ताजा.