तक्त्यावरचा एकटा ठिपका

शाळेत त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं बाई, पण पाठ वळली की पुन्हाबाई. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. कोणी धावत येऊन सांगितलं, "बाई, बी रुजलं!" की त्या म्हणायच्या, "किती रुजलं? पुन्हा बघ." कोणी म्हटलं, "बाई, पाणी उकळलं," की, "थर्मामीटर काय म्हणतोय? पुन्हा बघ." एका मुलाने एकदा वैतागून विचारलं, "पुन्हा बघूनही तेच दिसलं तर?"

"तर तिसऱ्यांदा बघ. आणि तरीही तेच दिसलं, तर मुकाट्याने लिही. आवडो न आवडो."

त्यांच्या विज्ञानाच्या खोलीत फळा होता, पण तो बहुतेक वेळा कोराच असायचा. बाकी खोली मात्र भरगच्च. मोडक्या सायकलीचं चाक, नळाचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जुन्या चष्म्यांची भिंगं. भंगारवाल्याने डोकावून पाहिलं असतं तर हरखूनच गेला असता. मुख्याध्यापकांनी एकदा भीत भीत विचारलं, "बाई, हा पसारा जरा आवरता येईल का?" बाई म्हणाल्या, "हा पसारा नाही, अभ्यासक्रम आहे." मुख्याध्यापक भला माणूस; ते पुन्हा त्या खोलीच्या वाटेला गेले नाहीत.

या पसाऱ्यातला निम्मा ऐवज घरून यायचा. बाईंचे यजमान पाण्याच्या पंपघरात फिटर होते. निवृत्त झाले आणि बायकोच्या वर्गाच्या सेवेत रुजू झाले. मुलं त्यांना फिटरकाका म्हणत. बाईंनी सकाळी चहा पिता पिता नुसतं म्हणावं, "अहो, पोरांना कप्पी कशी चालते ते दाखवायचंय," की संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत खुडखुड सुरू, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर लाकडाची गुळगुळीत कप्पी हजर. केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते खिळ्याने बारीक अक्षरांत कोरायचे: पहिली, दुसरी, तिसरी. एकासारखी दुसरी केली की पुढचा आकडा. पंपघरातली सवय. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख एके काळी फार होतं, पण शाळेतली पोरं इतकी झाली की ते दुःख हळूहळू कोपऱ्यात सरकत गेलं.

गेल्या वर्षी काकांनी एक तराजू केला, पितळी दांडीचा, दृष्ट लागावी असा. काही दिवसांनी त्यांनी दुसरा आणला, हुबेहूब तसाच. मग तिसरा. बाईंना वाटलं, माणूस हौशी आहे, वर्गात पोरं जास्त आहेत. "अहो, पुरे आता," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि तिन्ही तराजू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. जगाला पुन्हा बघ म्हणणाऱ्या बाईंनी त्या तराजूंकडे काही पुन्हा बघितलं नाही.

दरवर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रत्येक मुलाने आपापला प्रश्न आणायचा, असा बाईंचा नियम. पुस्तकातला प्रश्न चालायचा नाही. वर्गात सतत पेन्सिल कुरतडणारी एक मुलगी होती, तिला सगळे खारूताई म्हणायचे. तिने विचारलं, "बाई, आजी काही विसरली की आई म्हणते, वय झालं. आणि आई स्वतः विसरली की म्हणते, कामं फार आहेत. मग खरं काय?"

बाईंचा चेहरा खुलला. "मोजायचं कसं?"

दोघींनी मिळून रीत ठरवली. एका ट्रेमध्ये वीस बारीकसारीक वस्तू मांडायच्या, वर कापड टाकायचं. कापड काढून समोरच्याला मिनिटभर बघू द्यायचं, पुन्हा झाकायचं आणि आठवतील तेवढ्या वस्तूंची नावं सांगायला लावायची. मोठ्या तक्त्यावर आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर आठवलेल्या वस्तू, आणि प्रत्येक माणसाचा एक ठिपका.

खारूताई ट्रे घेऊन अख्ख्या गल्लीत फिरली. न्हावी, शिंपी, बसचा कंडक्टर, कोणाला सोडलं नाही. मुख्याध्यापक निम्म्यावरच अडकले आणि उरलेल्या वस्तू ट्रेमध्ये नव्हत्याच म्हणून वाद घालत बसले. खारूताईच्या आजीने त्यांना सहज मागे टाकलं, आणि त्या दिवसापासून घरात आजीचा आवाज वाढला. तक्त्यावर ठिपक्यांचा सुंदर पट्टा उमटला, म्हाताऱ्यांकडे जरासा उतरणारा, पण जरासाच.

"म्हातारी माणसं कमी पडतायत," खारूताई म्हणाली.

"मग आमच्या घरी ये. एक तयार बसलेत," बाई म्हणाल्या.

काका केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. कापड निघालं तसे त्यांनी अगदी मन लावून सगळ्या वस्तू न्याहाळल्या. कापड पडलं.

"कात्री," काका म्हणाले. "आणि... कात्री." मग अभ्यास न केलेलं पोर शेजारच्याकडे बघतं तसं त्यांनी बाईंकडे बघितलं. "चमचा होता का गं?"

चमचा नव्हता. खारूताईने आकडा लिहिला आणि पेन्सिल तोंडात घातली.

आता इथे बाईंची चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्या बाईंच्याच हातून होऊ शकते. सगळ्या आकड्यांपासून एखादा आकडा फटकून पडला, की आधी उपकरणावर संशय घ्या, असं त्या जन्मभर शिकवत आल्या होत्या. त्यांनी तेच केलं.

"अहो, तुमचा चष्मा कुठाय?" चष्मा पलीकडच्या टेबलावर होता. "झालं तर! दिसलंच नाही त्यांना. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं, चष्मा लावून. आकडा तोच. पण बाहेर रस्ता खणत होते, फार गोंगाट होता. मग बाईंनी खोलीतला दिवा बदलला. ट्रेवरचं फुलाफुलांचं कापड काढून साधं घातलं, कारण फुलांनी लक्ष उडतं. काकांच्या चष्म्याचा नंबर तपासून आणला, कान तपासून आणले. दिवा, कापड, डोळे, कान, सगळं तपासून झालं आणि सगळं ठीक निघालं. दुसरी कोणी असती तर घाबरून पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेली असती. बाई ट्रे तपासत राहिल्या. काका मधल्या मध्ये हसतमुखाने विचारत, "आज काही प्रयोग आहे का?"

तिसरी वेळ ठरली शाळेत, सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत असताना. आधीच्या वस्तू वापरून झाल्या होत्या, नव्या हव्या होत्या, म्हणून बाईंनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर तीन तराजू ओळीने उभे होते. बाईंनी एक खाली घेतला. दांडीवर बारीक अक्षरांत कोरलं होतं: पहिला. दुसरा घेतला. पहिला. तिसरा त्यांनी खिडकीपाशी, उजेडात नेला. त्यावरही पहिला.

बाई खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. मागे काका आणि खारूताई वाट बघत होते. हे त्यांना वर्षभरात कधीही वाचता आलं असतं. तराजू समोर होते, अक्षरं समोर होती, आणि माणूस तर रोज समोर बसून चहा पीत होता.

तरी ट्रे मांडला. लाकडी कप्पीही त्यात ठेवली. काकांना रबर आठवलं, आणखी काही नाही. कापड काढल्यावर मात्र त्यांनी कप्पी उचलली आणि अंगठ्याने फिरवून बघितली. "काय सुरेख फिरते गं! कोणी केली?"

"तुम्ही केलीत," बाई म्हणाल्या.

"मी?" काका मनापासून खूश झाले. "बरी जमलीये की."

डॉक्टरांकडेही तशीच परीक्षा झाली, फक्त ट्रेऐवजी चित्रं होती. डॉक्टर समजूतदार होत्या. हा आजार आहे, आठवण जात राहणार, औषधाने वेग थोडा कमी होईल, परत काही येणार नाही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "कधीपासून लक्षात आलं तुमच्या?" त्यांनी विचारलं. "तराजूंपासून यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि बाईंनाही समजावून सांगायचं त्राण नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि भांडी घासण्याचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं. काका दारात येऊन म्हणाले, "नळ एवढा सोडू नये गं, पाणी वाया जातं." पंपघरातला माणूस. ते अजून शाबूत होतं.

प्रदर्शन जवळ आलं. खारूताई तक्ता घेऊन बाईंपाशी आली. सगळ्या ठिपक्यांपासून दूर, पार तळाशी, एक ठिपका एकटा पडला होता.

"बाई, काकांचा ठिपका काढून टाकू?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "कोणालाच कळणार नाही. कागद खरडला की निघतो."

बाईंना मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. तेवढा एक ठिपका गेला असता तर तक्ता दिसायला सुंदर झाला असता, आणि जगात निदान एका कागदावर तरी त्यांचा माणूस धडधाकट राहिला असता. पण समोर ती मुलगी उभी होती, आणि आज बाईंनी हो म्हटलं असतं तर ती ते जन्मभर विसरली नसती.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नाव लिहू नकोस. खाली एवढंच लिही, की हा आकडा तीनदा घेतला आहे."

प्रदर्शनाला काका हट्टाने आले. त्यांना प्रदर्शनाचं भारी वेड. मोठ्या दालनात टेबलंच टेबलं, वायरी, बल्ब, भांड्यातून फसफसणारे ज्वालामुखी आणि घसा बसेपर्यंत बोलणारी पोरं. काका आधी खारूताईच्या तक्त्यासमोर थांबले. वाकून, कौतुकाने एकेक ठिपका बघितला आणि मग खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा कोण गं? एकटाच खाली पडलाय."

खारूताईने बाईंकडे बघितलं. जे दिसलं ते सांगायचं, हे बाईंच्या अंगात मुरलेलं. "तुमचा," त्या म्हणाल्या.

काकांनी बोट चटकन उचललं. "इतका खाली?" मग त्यांनी खालची ओळ वाचली. "तीनदा घेतलास?"

"तीनदा," बाई म्हणाल्या.

"मग बरोबरच असणार." हे ते इतक्या हळू बोलले, की बाईंना ते ओठांवरूनच कळलं. ओठ थरथरत होते. नवऱ्याला असं त्यांनी आजवर एकदाच बघितलं होतं, त्याची आई गेली तेव्हा. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पुढे नेलं.

दोन टेबलं सोडून एका मुलीची पवनचक्की अडकली होती, आणि ती रडकुंडीला आली होती. काका थांबले. तिच्या केसातली पिन मागितली, कुठेतरी आत घातली, जरा हिसका दिला, आणि पाती गरगर फिरू लागली. पोरं ओरडली. काका हसले. हात काही विसरले नव्हते. मग ते दालनभर हिंडले, प्रत्येक टेबलाशी थांबले, प्रत्येक पोराला शाबासकी दिली. फिरत फिरत दोघं परत खारूताईच्या तक्त्यापाशी आले.

काका वाकले. तितक्याच कौतुकाने एकेक ठिपका बघितला. त्याच ठिपक्यावर तेच बोट ठेवलं.

"हा कोण गं? एकटाच खाली पडलाय."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मघाचं त्यावर काही उरलं नव्हतं. खरं सांगितलं तर ते सगळं पहिल्यापासून पुन्हा होणार होतं. बोट चटकन उचललं जाणार होतं, ओठ थरथरणार होते. आज, उद्या, विचारतील तेव्हा. आणि बाईंना ते पुन्हा बघवणार नव्हतं.

"आहेत एक गृहस्थ," त्या म्हणाल्या. "चष्मा घरी विसरले होते."

काकांनी खालची ओळ वाचली. "तीनदा घेतलाय म्हणे. तिन्ही वेळा विसरले?"

"तिन्ही वेळा."

काका खळखळून हसले. "भलताच विसराळू दिसतोय! अगं, त्याला चष्मा लावून पुन्हा बसव. तूच सांगतेस ना पोरांना, पुन्हा बघायचं म्हणून?"

"बसवते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या खारूताईकडे बघत नव्हत्या.

खारूताईने तोंडातली पेन्सिल काढली.

"हो काका," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी आठवण करून देईन त्यांना."