आसुनेतोस आणि आमची विहीर

पत्रकात मी 'निर्बुद्ध' लिहिलं होतं, आमच्याच वाडीला उद्देशून. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, कारखाना आला, खाली विहिरीचं पाणी बिघडलं, आणि वाडी अजून तेच पिते. मग दुसरं काय लिहायचं? नळ दारोदारी आहेत. पाण्याविना नुसते उभे आहेत.

पत्रकं मिरजोळ्याला छापायला देण्याआधी मी रत्नागिरीत माझ्या खोलीशेजारच्या गुरुजींकडून तपासून घेते. निवृत्त शिक्षक, ख्रिस्ती, हौसेनं ग्रीक शिकलेले. त्या शब्दावर त्यांचं पेन थांबलं.

"बायबलात यासाठी एक ग्रीक शब्द आहे. आसुनेतोस. मराठीत कोणी निर्बुद्ध करतं, कोणी असमंजस. मुळात मात्र, समोर आहे ते एकत्र आणून न पाहणारा. डोकं नाही असं नव्हे. आणि 'तुम्हीही असेच का?' हे येशू विचारतो ते शत्रूंना नाही, सोबत जेवणाऱ्या शिष्यांना."

"फरक काय पडतो, गुरुजी? पाणी तर पितातच."

"पत्रक तुझं. तू ठरव."

शब्द मी तसाच ठेवला. पण वाडीच्या बैठकीत पत्रकं वाटण्याआधी बायकांना विचारलं, पाण्याचं तुम्हाला काय दिसतं ते एकेकीनं सांगा.

काकी म्हणाली, डाळ शिजत नाही. तिला वाटत होतं दुकानदार जुनी डाळ देतो. आईची तांब्याची कळशी चिंचेनं घासली की दुसऱ्या दिवशी काळी. ती चिंचेला नावं ठेवत होती. शेजारणीची म्हैस या पाण्याला तोंड लावत नव्हती.

"मी मीठमिरच्या ओवाळून दमले गो," शेजारीण म्हणाली. "तुमी बोललात नाय ता कधी?"

"तू तरी खय बोललीस?" काकी म्हणाली.

रोज एकाच रहाटाशी उभ्या राहणाऱ्या या बायका. सगळ्यांचं एकत्र आज पहिल्यांदा ऐकत होत्या. आता कुणाला काही समजावायचं उरलं नव्हतं.

वाडीचे प्रमुख मानकरी, गावकार, म्हणाले, "बरोबर आहे. पण आपल्या मुंबईकर चाकरमान्यांना विचारल्याशिवाय वाडी ठरवत नाही. शिमग्याला येतील, तेव्हा बसू."

"आणि तोवर?"

"तोवर काय, पितोयच की इतके दिवस."

पुरुषांनी माना हलवल्या. मी पत्रकं वाटली. त्यांनी ती वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली. कुणी चिडलंसुद्धा नाही. मला संताप यायला हवा होता, त्यावरच तर मी चालते. आतून काहीच आलं नाही.

सकाळी विहिरीवर नेहमीच्याच बायका होत्या. मी काठाला टेकून उभी होते.

"वायच बाजूला हो," आई म्हणाली. "भात टाकायचाय."

"तुला माहीत आहे ना आता?"

"माहीत आहे. दुसरं पाणी कुठे आहे ते सांग."

मी बाजूला झाले. तिला दोर एकटीला ओढवेना, म्हणून मागून मीही दोराला हात लावला.