नव्या इंजिनाची सुई

"वकीलसाहेब तं नुसते उभे राह्यतेत. इंजिन पोरगीच लावते."

जिनिंग कारखान्याचे मालक शेठजी माझ्या बाबांविषयी डॉक्टरांना सांगत होते. उरलेल्या कापसाच्या गठाणींच्या अलीकडे आम्ही बापलेक बसलो आहोत, हे त्यांना दिसत नव्हतं. बाबा आमच्या छोट्या शर्यतीच्या गाडीची मागची चाकं फडक्याने पुसत होते आणि मी इंजिनाचा प्लग उजेडाकडे धरून त्यातली बारीक तार शाबूत आहे का ते पाहत होते. पलीकडून डॉक्टरांचं हसणं आलं.

"मंग काय झालं? तिचा कान तिखट आहे. मले असा कान असता तं नळी लावून कायले बसलो असतो लोकाईच्या छात्या ऐकत?"

बाबाही हसले, पण तोंड न उघडता. फडकं चाकावर फिरत राहिलं. ते चाक पुसून झालेलं होतं. मी प्लग खाली ठेवला आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. तो मला चांगला जमतो. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवलं, त्याहून जास्त गप्प बसायला शिकवलं, आणि मी दोन्ही विषयांत हुशार होते.

अकोल्याच्या त्या आवारातला सिमेंटचा मोठा ओटा हंगामात कापसाने झाकलेला असे. मे महिन्यात तो रिकामा पडायचा आणि शेठजी आम्हाला संध्याकाळपुरता द्यायचे. ओट्याच्या मधोमध लोखंडी नळ उभा केलेला होता. हातभर लांबीची पत्र्याची गाडी पोलादी तारेने त्या नळाला बांधायची, इंजिन चालू करून सोडून द्यायची, आणि मग ती नळाभोवती इतक्या वेगाने गोल फिरायची की चाकं दिसेनाशी होत. परदेशात आता अशा गाड्या रेडिओच्या लहरींवर चालवतात, तार लागत नाही, हवी तिकडे वळवता येते, असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. डॉक्टरांनी ते मासिक माझ्याकडून मागून नेलं होतं. बाबा म्हणाले होते, छापणाऱ्यांचं काय जातंय.

अमरावतीत असा छंद असलेले बाबा एकटेच. अकोल्यात डॉक्टर. दोघांची ओळख एका खटल्यात झाली. डॉक्टर साक्षीदार होते, उलटतपासणी बाबांनी घेतली, आणि संपल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघं इंजिनांविषयी बोलत उभे राहिले. तेव्हापासून वर्षातून एकदा, कोर्टाला सुटी लागली की, आम्ही गाडीची पेटी मांडीवर घेऊन एसटीने अकोल्याला येत असू. जिंकणाऱ्याला एक छोटासा पितळी चषक मिळे. तो आधीच्या दोन्ही वर्षी डॉक्टरांच्या दवाखान्यात, औषधांच्या बाटल्यांशेजारी राहिला होता.

इंजिन आगपेटीपेक्षा थोडंसंच मोठं. त्याला पेट्रोल चालत नाही. स्पिरिट आणि एरंडेल तेल एकत्र करून ते द्यावं लागतं. आमच्या मागच्या अंगणात बाबा ते चालवायचे तेव्हा जळक्या एरंडेलाचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आई दार लावून घेत म्हणायची, "लोकाईले वाटन का साऱ्या घराचंच पोट बिघडलं."

त्या वर्षी हिवाळ्यात बाबांनी नवं इंजिन मिळवलं होतं. नवं इंजिन आल्या आल्या पळवता येत नाही, ते आधी रुळवावं लागतं. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत इतके घट्ट असतात की हाताने फिरवतानाही मध्येच अडतं. म्हणून ते लाकडी फळीवर आवळून, पंखा लावून, थोडा थोडा वेळ चालवायचं. इंजिनाच्या बाजूला एक पितळी सुई असते. ती सोडली की तेल जास्त जातं, आवळली की कमी. रुळवताना सुई भरपूर सोडून ठेवायची. मग इंजिन अडखळत चालतं, पांढरा धूर ओकतं, सगळीकडे तेल उडवतं, पण थंड राहतं. थोडं चालवायचं, पूर्ण निवू द्यायचं, पुन्हा चालवायचं. असे कितीतरी दिवस.

हे सगळं मला बाबांनीच शिकवलं. "घाई करशील तर मरेल ते," ते सांगायचे. "सुई आवळली की आवाज छान येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा. पण आत तेल पोचत नसतं. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला धरतो आणि संपलं. मग ते इंजिन पेपरवेट म्हणून वापरायचं."

आधीच्या इंजिनाच्या वेळी पहिले काही दिवस सुई ते लावायचे. मग, कसं ते मला सांगता येणार नाही, पण मी लावू लागले. बाबांच्या कानाला अडखळता आवाज आणि साफ आवाज यांच्या मधली जागा सापडत नसे. मला ती सापडे. मी हात पुढे करायची, ते सुई सोडायचे. यावर आम्ही कधी बोललो नाही. अंगणाला भिंत होती, आणि भिंतीबाहेरच्या कोणाला त्यातलं काही माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती. मागच्या वर्षी अकोल्यात मी सुई लावायला दोनदा वाकले होते, तेवढ्यावरून शेठजींनी ओळखलं असावं.

गठाणींमागून उठून आम्ही ओट्यावर आलो. आमची गाडी आधी पळणार होती. बाबांनी मला पाच पावलं मागे उभं केलं. "आज तू नुसती बघ, बेटा," ते म्हणाले. सुई त्यांनी स्वतः लावली. मला ती जरा सैल वाटली, पण इंजिन रुळलेलं होतं आणि गाडी चांगली पळाली. शेठजींच्या हातात कोणत्या तरी शाळेतून आणलेलं स्टॉपवॉच होतं. त्यांनी वेळ मोठ्याने वाचली आणि आवारात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्या वर्षांपेक्षा ती वेळ पुष्कळ चांगली होती.

डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेऊन हलवला. "यंदा कप अमरावतीले गेला समजा. आपली तं आज शर्यत नाही, वरात आहे."

ते खरंच होतं. त्यांचं जुनं इंजिन झिजून गेलं होतं. विलायतेत राहणाऱ्या भावाने महिनोन्‌महिने खटपट करून नवं पाठवलं होतं, आणि तेही कस्टममध्ये अडकून आता कुठे हातात आलं होतं. रुळवायला वेळच मिळाला नव्हता. "हे गेलं तं दुसरं येत नाही," ते मला सांगत होते, बाबांना नव्हे. "म्हून आज धूर काढत, हळूहळू दोन-चार चकरा. लोकं आले आहेत, त्याईले काही तं दाखवा लागते." मग त्यांनी मला सुई दाखवली. किती सोडून ठेवली आहे, ठीक आहे ना, असं विचारलं. मी मान डोलावली. इतकी सैल होती की गाडी पादचाऱ्यासारखी चालली असती. अगदी बरोबर होती.

तार नळाला नीट अडकली आहे का, ते पाहायला डॉक्टर ओट्याच्या मध्यापर्यंत गेले आणि पाठमोरे वाकले. शेठजी पोरासोरांना मागे सारत होते. गाडीपाशी बाबा बसले होते आणि त्यांच्यामागे मी उभी होते.

आधी मला टिकटिक ऐकू आली. सुई हलू नये म्हणून तिला एक बारीक स्प्रिंग असते, सुई फिरली की ती वाजते. मी खाली पाहिलं. बाबांचा अंगठा आणि तर्जनी सुईवर होते. सुई फिरत होती. एकदा-दोनदा नाही, फिरतच राहिली, आत, आवळण्याच्या बाजूला. मला पहिल्यांदा वाटलं, ही आमची गाडी आहे. मग वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल, आणि माझ्या ऐकण्यात आलं नसेल. मी अशी एकेक गोष्ट शोधत गेले आणि एकेक संपत गेली. बोटं थांबली. बाबांनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली आणि तो रुमाल, अंगणात रोज देत तसाच, मागे न बघता माझ्याकडे धरला. मी तो घेतला.

जिंकण्यासाठी त्यांना याची गरज नव्हती. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्याचीच भीती वाटली. कप त्यांचा झालाच होता. समोरचा माणूस तसं मोठ्याने बोललाही होता. चोर चोरी करतो तेव्हा त्याला काही तरी हवं असतं, एवढं मला समजत होतं. इथे बाबांना काय हवं होतं? रोज सकाळी देवाला फूल वाहणारा, अशिलाला खोटं बोलू न देणारा तो माणूस मी मागून पाहत होते. मान तीच होती, कॉलरची शिवण आईने घातलेली होती, आणि मला तो ओळखू येत नव्हता.

डॉक्टर परत आले. प्लगला बॅटरी जोडली, इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढली. इंजिन लगेच पेटलं आणि किंचाळू लागलं. धूर नाही, अडखळणं नाही, एकदम स्वच्छ, उंच आवाज. जमलेली माणसं खूश झाली. कोणीतरी शीळ घातली.

"अरे, हे तं भलतंच गाऊन राहिलं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "वकीलसाहेब, बरोबर आहे ना आवाज?"

"उत्तम," बाबा म्हणाले. "सोडा."

मी गाडीकडे पाहत होते. माझ्या डोळ्यांसमोर इंजिनाची आतली बाजू होती, कोरडी, तापत चाललेली. गाडी सुटली की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ते धरणार होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुले काय वाटते, पोरी?"

बाबांनीही वळून पाहिलं. त्यांची नजर रागाची नव्हती. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते थोडंसं हसत होते, जणू आम्हा दोघांचं काही ठरलं होतं.

"बंद करा," मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. मी वाकून तेलाची नळी बोटांत चिमटली. इंजिन दोन क्षण आणखी उंच ओरडलं आणि थांबलं. तापलेल्या धातूची बारीक तडतड ऐकू येऊ लागली.

"कावून बंद केलं?" शेठजींनी लांबून विचारलं.

"सुई सोडायला हवी," मी हळू म्हणाले. एवढ्यावर भागेल असं मला वाटलं. इंजिन वाचेल, बाबाही वाचतील, आणि मी पुन्हा पाच पावलं मागे जाऊन उभी राहीन.

डॉक्टरांनी कपाळावर आठ्या घातल्या. "पण म्या तं तुलेच दाखवून सोडली होती."

"आहे तशीच आहे ती," बाबा म्हणाले. कोर्टात बोलत तसे, शांत, शब्द तोडून. "मी इथेच बसलो होतो, डॉक्टर, कोणी हात लावलेला नाही. इंजिनच जातीचं चांगलं आहे तुमचं. पोर घाबरली एवढ्या लोकांना पाहून. तिला काय कळतं? घरी मी सांगतो तशी सुई फिरवते, एवढंच."

शेठजी हसले. दोन-चार माणसंही हसली. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि त्यांचं पटल्यासारखी मान डोलावली. वकिलाच्या शब्दापुढे कॉलेजातल्या पोरीचा शब्द किती धरायचा, हे त्यांनी मनात मोजलं असणार. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी दोरी पुन्हा चाकाला गुंडाळायला घेतली.

माझ्या हातात बाबांचा रुमाल होता, तेलाने भिजलेला. मी तो गाडीशेजारी सिमेंटवर ठेवला. बाबांनी माझं नाव घेतलं, फक्त नाव, खालच्या आवाजात. घरी ते असं नाव घेत तेव्हा विषय तिथेच संपत असे.

"डॉक्टरकाका, चालू करू नका," मी म्हणाले, आणि या वेळी मागच्या रांगेतल्या माणसांनाही ते ऐकू गेलं. "सुई बाबांनी आवळली आहे. मी त्यांच्या मागेच उभी होते."