आईच्या घटपर्णीचं बी

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. हात असा की त्यांनी शिवलेली बाही काखेत कधी ओढायची नाही. आणि जीभ अशी की गिऱ्हाइकानं पोट आत घेऊन माप दिलं तर म्हणणार, श्वास सोडा, शर्ट घालून घरीही जायचंय तुम्हाला. माणूस वाईट नाही हो. फक्त बोलून मोकळा होतो, आणि ऐकणारा बसतो कुढत.

अशाच एका बोलण्यापायी सख्ख्या धाकट्या भावाशी बिनसलं. निमित्त काय, तर एक झाड. त्यांच्या आईनं खिडकीत घटपर्णी वाढवली होती. पानांचे उभे, लाल शिरांचे पेले, वर झाकण. माशी गोडाच्या आशेनं काठावर बसते, पाय घसरतो आणि आतच तिचा निकाल लागतो. झाड माशांवरच जगतं. आई गेली त्या वर्षी त्याला पहिल्यांदा फूल आलं होतं. आईच्या मागे धाकट्याला झाड मलूल दिसलं. सायकली दुरुस्त करणारा साधा गडी. त्याला वाटलं, आई नाही, बिचारं उपाशी असेल. त्यानं मायेनं कुंडीत मूठभर खत घातलं. आता या जातीच्या मुळांना खत म्हणजे विष, हे त्याला कुठून ठाऊक असणार? झाड मुळापासून जळलं. मास्तरांनी चारचौघांत त्याला सुनावलं, "तुझा हातच तसला. लागेल त्याचं वाटोळं." त्या दिवसापासून भाऊ भावाचं तोंड बघेना.

मागे उरलं ते फुलाचं वाळकं बोंड आणि त्यातलं चिमूटभर बी. ते उगवलं तर आईचं झाड राहणार, नाहीतर संपलं.

हे बी असं मातीत टाकलं की उगवलं, असं नसतं. त्याला आधी थंडी भोगावी लागते. ओल्या शेवाळात घालून महिना-दीड महिना फ्रिजमध्ये ठेवायचं; हिवाळा सरला असं वाटल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. नळाच्या पाण्यातले क्षारही त्याला सोसत नाहीत. म्हणून मास्तरांनी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, शेवाळ भिजवून घट्ट पिळलं, त्यावर बी पसरलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. आता गप्प बसायचं एवढंच काम उरलं होतं. नेमकं तेच मास्तरांना जमेना.

शिंप्याची बोटं ती. काहीही दिसलं की आधी चिमटीत धरून बघणार. सकाळी चूळ भरायच्या आधी पिशवी उघड, शेवाळ चाचप, उजेडात धर. दुपारी जेवून उठलं की पुन्हा तेच. उतावळा नवरा म्हणतात तो हाच, गुडघ्याला बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं होतं. बायको सांगून थकली की त्याला निजू द्या. पण ऐकतील तर ते मास्तर कसले.

व्हायचं तेच झालं. शेवाळावर पांढरी बुरशी चढली. धुऊन, निवडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त बी कुजलेलं. एवढा मोठा माणूस, स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडला. उरलेलं बी बायकोनंच नव्या शेवाळात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी फ्रिजमधून गायब.

मास्तरांनी घर उलटंपालटं केलं. ओरडून झालं, अबोला धरून झाला. बायको एवढंच म्हणाली की जिथे आहे तिथे थंड आहे, आणि जागा सांगितली तर तुम्ही तिथेही पोचाल. बाईनं शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

मुदत भरली तशी तिनं पिशवी आणून कापायच्या टेबलावर ठेवली. आत बुरशीचा ठिपका नव्हता. मास्तरांनी कुंडीत पीट, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची बिनखताची माती, आणि धुतलेली वाळू भरली, बी न पुरता नुसतं वर पसरलं, खाली पाण्याची ताटली ठेवली आणि यावेळी हात पाठीमागे बांधून उभे राहिले. रोज नुसते बघायचे. मग एका सकाळी हिरवे ठिपके दिसले. पुढे दोन पानांच्या मधून तांदळाच्या दाण्याएवढा पेला उभा राहिला, झाकणासकट. बायकोला बोलावून मास्तर म्हणाले, "फार उपकार झाले तुझे. तू होतीस म्हणून हे जगलं."

"माझे कसले उपकार," ती म्हणाली. "पिशवी भावजींच्या फ्रिजमध्ये होती."

मग तिनं सगळं सांगितलं. मध्ये भावजींचा फ्रिज बंद पडला होता. त्यांनी दुकान बंद ठेवलं, कारागीर येईपर्यंत पिशवी बर्फाच्या डब्यात सांभाळली, बर्फ वितळला की नवा आणला. पिशवी उघडली मात्र एकदाही नाही.

मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून निघाले. धाकटा दुकानात सायकलची चेन बसवत होता. त्यांना बघून उठला. मास्तरांनी विचारलं, "एकदाही उघडून बघावंसं वाटलं नाही तुला?"

"रोज वाटायचं, दादा. पण माझ्या हाताची भीती वाटायची. पिशवीसुद्धा फडक्यानं धरायचो."

मास्तरांनी त्याचे तेलकट, काळे हात आपल्या हातांत घेतले. "हात वाईट नव्हता रे. माझी जीभ वाईट. आईचं झाड आज आहे ते तुझ्यामुळे आहे. चल, बघ."

धाकट्यानं तिथल्या तिथे दुकान बंद केलं. खिडकीपाशी येऊन तो लांबूनच वाकून बघत राहिला, हात खिशात. मास्तरांनी पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली आणि ताटलीत घाल म्हणाले. त्यानं घातलं. कुंडीला हात लागू नये म्हणून इतक्या लांबून ओतलं की अर्धं पाणी शेजारी अंथरलेल्या गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर सांडलं. मास्तर काही बोलले नाहीत.