नऊ खाचांची बाटली

लहान मुलांच्या चिठ्ठीखाली डॉक्टर इंग्रजीत एक शब्द लिहायचे, ‘स्वीटन’. खर्ड्याजवळच्या एका गावात त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बाहत्तरच्या दुष्काळात माझं वय पंचवीस होतं. तो शब्द मी खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशात काढून पाहिला होता. क्रियापद, आणि पुढे अर्थ: गोड करणे. नकोसं असेल ते घेण्याजोगं करणे. रागावलेल्याला शांत करणे. खूश करून एखाद्याला राजी करणे. शेवटी, हवेतली किंवा पाण्यातली घाण घालवणे. एक शब्द इतक्या कामांना येतो याचं मला तेव्हा अप्रूप वाटलं होतं.

डॉक्टरांना फक्त पहिला अर्थ हवा असायचा. हिवतापाच्या गोळ्या खलात कुटायच्या, पाण्यात कालवायच्या, वर साखरेचा पाक घालायचा. मी त्यात माझ्या पदरचा वेलदोडा घालायचो. माझी बाटली दिसली की पोरं रडायची थांबायची. डॉक्टर आतून ओरडायचे, “अरे, औषध करतोस की बासुंदी?” मला ते कौतुक वाटायचं.

बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध.

त्या उन्हाळ्यात एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हाताला चिंध्या बांधलेल्या, पोरगी कडेवर, अंगात ताप. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. बाई बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, “बाटली उंचावर ठेवायला सांग रे. गोड असलं की पोरं पितात.”

मी “हो” म्हणालो. नऊ खाचांची पट्टी लावली. चमच्याच्या टोकाला थेंबभर औषध घेऊन मुलीच्या जिभेला लावलं. तिनं डोळे मिटले, ओठ चाटले आणि म्हणाली, “आजून.”

आई हसली. “ह्ये काय घातलंय वो दादा? घरी तर साधं पानी पीत न्हाई.”

“सरबत आहे बाई,” मी म्हणालो. “मागून पिते की नाही बघा.”

बाटली उंचावर ठेवा, हे सांगायचं राहिलं. विसरलो असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं तर मी त्या ‘आजून’वर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरीला दोन्ही हातांवर घेऊन आली. डॉक्टर जामखेडला गेलेले. मुलगी सैल पडली होती. श्वास बघायला मी तोंडाजवळ वाकलो, तर श्वास नव्हता. वास होता, वेलदोड्याचा. इतका ताजा, की जणू मी नुकताच खलात कुटला होता.

बाई म्हणाली, “ताप चढला वो दादा. एकाएकी चढला.”

मला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, “ताप डोक्यात गेला बाई. तुमचा काही दोष नाही.” संध्याकाळी डॉक्टरांनाही तेच सांगितलं. कोशातले बाकीचे अर्थ त्या एका दिवसात मी वापरून संपवले.

दहाव्यानंतर ती बाटली परत द्यायला आली. तेव्हा बाटल्या परत घेत असू. “दुसऱ्या कुनाला लागंल,” ती म्हणाली. गावात हंडाभर पाण्यासाठी भांडणं होत होती, आणि बाटली आतून लख्ख धुतलेली होती. पट्टी मात्र तशीच, नऊच्या नऊ खाचा. मी ती फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून उतरून बाटलीत गेली होती. आतून उकळत्या पाण्यानं धुतली, सोड्यानं धुतली, जागा बदलली. दोन दिवसांत ओळ परत. शेजारी पाकाची बरणी होती, तिच्याकडे एक मुंगी फिरकत नव्हती. त्यानंतर मी पाकात वेलदोडा घातला नाही, तरी फडताळ उघडलं की तोच वास यायचा. भर दुपारी, लोक बाकावर बसलेले असताना. दुसऱ्या कुणाला तो कधी आला नाही.

पुढच्या आखितीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, बाई आली. पितरांच्या जेवणातला गुळाचा खडा तिनं माझ्या हातावर ठेवला. “तिच्या नावाचा. जाताना तुमी तिचं तोंड ग्वाड केलं.” मी तो तिच्यासमोर खाल्ला. दर आखितीला ती येत राहिली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, मी औषधांचं दुकान टाकलं. ती दुकानात यायला लागली. बावीस वर्षं मी तो गूळ खाल्ला.

या वर्षी आखितीच्या सकाळी बाटली पिशवीत घालून मीच तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. ताप नव्हता, औषध होतं. पोर सगळी बाटली प्याली होती, मला वासावरून कळलं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. “मला ठावं हाय,” ती म्हणाली. “कामावरनं आले तवा बाटली रिकामी घावली. तिच्या उशाशीच मी ठेवून गेल्ते. कुनाला कळू नये म्हनून धुतली. तुमाला सांगायला जीभ उचलली न्हाई. तुमी येवढं बजावून दिलं असंल आन् मीच इसरले.”

“मी बजावलं नव्हतं,” मी म्हणालो. “डॉक्टरांनी सांगायला लावलं होतं. मी सांगितलंच नाही.”

आता तिचे हात थांबले. तिनं बाटली मागितली. पिवळ्या पडलेल्या पट्टीवरून बोट फिरवत एकेक खाच मोजली, वरून खाली. नवव्या खाचेवर तिनं बोट तसंच ठेवलं.

“न्हवतं सांगितलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“बावीस वरसं,” ती म्हणाली.

मग बाटली घेऊन ती आत गेली. आतून गुळाचा, वरणाचा वास येत होता. जेवण तयार होतं. मी ओट्याखाली उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं, माझी सावली पायाशी आली, तरी ती बाहेर आली नाही. त्या आखितीला तिनं मला गूळ दिला नाही.